सुट्टीने न उतरणारा थकवा: प्राध्यापक आणि बर्नआउट

सत्र संपते, सुट्टी लागते, झोप भरून निघते. कामावर परतल्यावर मात्र आठवडाभरातच पुन्हा तेच ओझे जाणवू लागते. संशोधक वेस्टमन आणि ईडन यांनी १९९७ साली कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात सुट्टीमुळे कमी झालेला बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणारी दमछाक, तीन आठवड्यांत मूळ पातळीवर आला होता. सुट्टी खरी होती, विश्रांतीही खरी होती. काम तेवढे जसेच्या तसे राहिले होते.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने १९७४ साली मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी रूढ केला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली दिली: नऊ विधाने भावनिक थकव्याची, पाच समोरच्या माणसाबद्दल कोरडे होत जाण्याची आणि आठ आपल्या हातून काही चांगले घडते आहे का, या जाणिवेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद कामाशी निगडित घटना म्हणून आहे, आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने तो होतो, असे त्यात म्हटले आहे.

यातला कोरडेपणा सहसा उशिरा लक्षात येतो. ६० उत्तरपत्रिका, प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे २० तास. चाळिसाव्या पेपरात तीच चूक पुन्हा दिसते आणि मनात येते, ‘यांना शिकायचेच नाही.’ तोपर्यंत तपासणाऱ्याची चिकाटी संपलेली असते. विद्यार्थ्यांपासून अंतर राखले की थकवा तेवढ्यापुरता सोसवतो, म्हणून ती सवय जडते. पण त्याच अंतरामुळे शिकवण्यातला आनंदही आटतो, आणि मग तिसरी बाजू, म्हणजे आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही जाणीव, ढासळू लागते.

विद्यापीठातल्या कामाला ‘आता झाले’ असा क्षण क्वचितच येतो. शोधनिबंध आणखी सुधारता येतो, लेक्चरची तयारी आणखी करता येते. वेळापत्रकात तास दिसतात. त्यामागची तयारी, प्रबंधांचे मसुदे, समित्या आणि शिफारसपत्रे दिसत नाहीत. शिवाय अनेक ठिकाणी वेळ जातो शिकवण्यात आणि बढती ठरते संशोधनावर. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटशी जोडलेल्या सहा बाबी सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला व दखल, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. बोजा सोसणारी माणसेही अन्यायाच्या जाणिवेने खचतात. माझ्या मते विभागांनी आधी तिकडे पाहावे.

प्राध्यापकाने स्वतः सुरुवात नोंदीपासून करावी. दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायची: काय केले, कोणी सांगितले, मध्ये किती वेळा अडथळा आला. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहू नये. छोटी कामे हमखास विसरली जातात, आणि दिवस तीच खातात. कामे सतत बदलली की आधीच्या कामाचे अवशेष लक्षात रेंगाळतात, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवले. म्हणून ईमेलला दिवसातून दोन ठरावीक वेळा द्याव्यात, आणि त्या विद्यार्थ्यांना सत्राच्या पहिल्याच तासाला सांगाव्यात. नाहीतर उत्तर उशिरा आले की ते दुसरा ईमेल पाठवतात आणि काम दुप्पट होते.

तपासणीत पहिले पाच-सहा पेपर गुण न देता वाचावेत, मग गुणांकनाचे निकष पक्के करावेत. एकेक पेपर पूर्ण करण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे गेल्यास प्रत्येक वेळी निकष नव्याने आठवावे लागत नाहीत. वारंवार दिसणाऱ्या आठ-दहा चुकांवरचे शेरे आधीच लिहून ठेवावेत. पंधराएक पेपरांनंतर उठावे, आणि बसल्यावर आधीचे दोन पुन्हा पाहावेत. हात सैल किंवा कडक झाला असेल तर तिथेच कळते.

सतत थकवा असेल तर रक्तक्षय, थायरॉइड आणि झोपेतील श्वसनाचा अडथळा यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. कामाबाहेरच्या आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल तर नैराश्याची शक्यता तपासायला हवी. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

ध्यानाची कार्यशाळा भरवून बोजा तसाच ठेवणाऱ्या संस्था शिक्षकाच्या वेळापत्रकात आणखी एक काम घालतात. ध्यानाने काहींना बरे वाटते, पण समित्यांची संख्या त्याने कमी होत नाही. दोन आठवड्यांची नोंद घेऊन विभागप्रमुखांकडे जावे आणि ‘मी थकलो आहे’ एवढ्यावर न थांबता विचारावे, ‘हे नवीन काम घेतो, यातले कोणते काढू?’ विभागाने सर्वांचे तास, प्रबंध-मार्गदर्शन आणि समित्या एकाच तक्त्यात मांडून तो सगळ्यांना दाखवला, तर कोणाच्या वाट्याला चार समित्या आहेत आणि कोणाच्या वाट्याला एकही नाही, हे पहिल्याच बैठकीत समोर येते.