टायरला नाल ठोकली तेव्हा

१९०५ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने एक टायर बाजारात आणला. त्याचा रस्त्याला टेकणारा भाग रबराचा नव्हता. तिथे चामड्याचा जाड पट्टा होता आणि त्या पट्ट्यात ओळीने पोलादी रिव्हेट ठोकलेले होते, गोल डोक्याचे, एकमेकांपासून जेमतेम बोटभर अंतरावर. टायरचं नाव सेमेल, म्हणजे बुटाचा तळ. जाहिरातीच्या चित्रात कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा माणूस, बिबेंडम, पाय उचलून आपला रिव्हेट मारलेला तळवा समोर धरतो. आपल्याकडे वहाणेची टाच झिजू नये म्हणून तिला नाल मारून घेत, तोच विचार इथे चाकाला लावला होता.

एकट्या मिशेलिनचा हा विचार नव्हता. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाची पहिली दहा-पंधरा वर्षं टायरला धातूचं चिलखत चढवण्याचे खटाटोप चालू होते. कुणी चामड्यात रिव्हेट मारले, कुणी पोलादाच्या छोट्या पट्ट्या एकीवर एक येतील अशा जोडून त्यांचा पट्टा चाकाभोवती गुंडाळला, कुणी धातूचा थर टायर आणि ट्यूब यांच्या मधे सरकवला. त्यातलं जवळजवळ काहीच टिकलं नाही. ते का टिकलं नाही याची कारणं शोधत गेलं की टायर मुळात काय काम करतो, हे फार स्वच्छ कळतं.

आधी त्या काळचा रस्ता बघायला हवा. मोटारी मूठभर आणि घोडे हजारोंनी. घोड्याच्या प्रत्येक खुराला एक नाल, आणि ती सहा-आठ खिळ्यांनी बसवलेली. खूर नखासारखा वाढत असतो, त्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी नाल काढून नव्याने ठोकावी लागते. मधल्या काळात खिळे सैल होतात, गळतात. खडीच्या रस्त्यावर असे खिळे सगळीकडे विखुरलेले असत, आणि मोटारवाल्याचा खरा शत्रू तोच. नुसता पडलेला खिळा फारसा घातक नसतो, तो आडवा असतो. पुढचं चाक त्यावरून जाताना त्याला उडवतं, उभा करतं आणि नेमका त्याच क्षणी मागून येणारं चाक त्यावर चढतं. मागच्या टायरला पंक्चर जास्त होतात त्याचं एक कारण हे आहे. शिवाय खिळा पहिल्याच फेरीत पूर्ण आत जाईल असं नाही. तो टोकाने अडकतो आणि चाकाच्या पुढच्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा आत ठोकला जातो. हे ओळखून काही जण टायरला हलकेच घासत राहील अशी तार किंवा साखळी मडगार्डाला लावत, म्हणजे अडकलेला खिळा खोल जाण्याआधीच उपटून निघायचा. साधी पण हुशार युक्ती होती.

आणि ज्याला हा खिळा लागायचा तो टायरही तसा नाजूकच. आत उभ्या-आडव्या विणीच्या कॅनव्हासचे थर, वर रबर. ते रबर काळं नसे. झिंक ऑक्साइडमुळे पांढरट किंवा करडं दिसे, आणि भराभर झिजे. आतल्या कॅनव्हासचे धागे चाक दबलं की विणीत एकमेकांवर करवतीसारखे घासत आणि टायर आतूनच कापला जाई. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे दोघे भाऊ हवेचे टायर लावलेली मोटार घेऊन उतरले. वाटेत पंक्चर काढता काढता त्यांचे हाल झाले आणि ठरलेल्या वेळेत ते पोचले नाहीत. एमिल लेव्हासोर भरीव रबराच्या चाकांवर जवळपास १,१७८ किलोमीटर अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापून सगळ्यांच्या कितीतरी आधी परतला होता. तरीही हवेचा टायर मागे पडला नाही, कारण वेग वाढला की भरीव चाकाचे हादरे गाडीही सोसत नाही आणि माणूसही. प्रश्न उरला तो एवढाच, की या हवेला वाचवायचं कसं?

चामड्याचं नाव सर्वांत आधी सुचलं यात नवल नाही. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरचं, मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधीचं. रबर लावलेल्या कापडाची हवा भरलेली नळी आणि तिच्यावर चामड्याचं आवरण, अशी त्याची रचना होती. घोडागाडीला लावलेली त्याची चाकं सुमारे १,९०० किलोमीटर चालूनही शाबूत राहिल्याची नोंद आहे. म्हणजे चामडं वाईट नव्हतं. घोड्याच्या चालीला ते पुरेसं होतं.

बदलला तो वेग. थोडा हिशोब करून पाहू. ८० सेंटिमीटर व्यासाचं चाक धरलं तर त्याचा परीघ साधारण अडीच मीटर होतो. एका किलोमीटरला ४०० फेऱ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने प्रत्येक रिव्हेट मिनिटाला ४०० वेळा दगडावर आपटतो. हे झालं आपटणं. त्याशिवाय फिरणाऱ्या चाकाच्या परिघावरची प्रत्येक वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, आणि हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० ग्रॅमचा रिव्हेट घेतला तर ताशी २० किलोमीटरला तो सुमारे ८० ग्रॅम वजन टांगल्याइतका ओढ देतो. ६० ला ही ओढ ७०० ग्रॅमवर जाते. १०० ला ती दोन किलोच्या घरात पोचते. पट्ट्यावर असे शेकडो रिव्हेट. आणि चाकाचा तो भाग रस्त्याला टेकला की तेवढ्यापुरती ही ओढ जवळजवळ नाहीशी होते आणि वरून गाडीचं वजन दाबतं. ओढ, दाब, ओढ, दाब, मिनिटाला ४०० वेळा. रिव्हेटच्या भोवतीचं भोक हळूहळू मोठं होत जातं आणि एक दिवस रिव्हेट निसटतो. निसटला की तो आता रस्त्यावरचा आणखी एक खिळा.

उष्णता हे दुसरं कारण, आणि माझ्या मते मुख्य. टायर चालताना तापतो याला रस्त्याचं घासणं काही अंशीच जबाबदार असतं. रबर आणि कापड प्रत्येक फेरीला दबतं, पुन्हा मूळ आकाराला येतं, आणि दबताना दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. उरलेली आतल्या आत उष्णता होते. वर जितका जाड थर, तितकी वाकवण्याला जास्त ऊर्जा लागते आणि तितकी उष्णता बाहेर पडायला अवघड. चामड्याचा पट्टा चढवला म्हणजे टायरवर गोधडी घालण्यासारखंच. त्यात ब्रेक लावला की पोलादाचं डोकं दगडावर घासून तापतं, आणि पोलाद रबरापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं. रिव्हेटच्या दांड्यातून ती थेट चामड्याच्या पोटात जाते.

चामड्याला ही उष्णता सोसत नाही. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं आणि लाकडासारखं कडक होतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यापर्यंत तग धरतं, म्हणून अमेरिकेत विकली जाणारी चांगली आवरणं क्रोम चामड्याची असत. पण पावसात भिजलं, वाळलं, पुन्हा तापलं, असं चार-सहा महिने चाललं की तेही तडकायचंच. खाली रबर ताणतं आणि वर चामडं तेवढं ताणत नाही, तेव्हा दोहोंमधला सांधा उकलतो.

ज्यांनी चामडं रबराला चिकटवलं नाही, वरून बांधलं, त्यांची अडचण वेगळी होती. हवा काढलेल्या टायरवर आवरण चढवायचं, कडा स्प्रिंगांनी किंवा तारेने रिमकडे ओढायच्या आणि मग हवा भरायची, म्हणजे ते घट्ट बसेल. बसायचंही. पण चामडं ओलं होऊन ताणलं गेलं आणि आवरणाचा परीघ टायरपेक्षा एखाद्या सेंटिमीटरने जरी वाढला, तरी चाकाच्या दर फेरीला आवरण तेवढं मागे सरकतं. किलोमीटरला ४०० फेऱ्या म्हणजे चार मीटर सरक. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ४०० मीटर. मधल्या फटीत वाळू आणि पाणी शिरलेलं असतंच. टायर वाचवायला घातलेलं कवच तोच टायर आतून पॉलिश कागदासारखा घासत बसतं.

आता गंमत पाहा. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड याने १९०४ साली चाकावर चढवायच्या साखळ्यांचं पेटंट मिळवलं. बर्फात आणि चिखलात आजही वापरतात त्याच या साखळ्या. त्यासुद्धा टायरवर सरकतात, आणि त्या मुद्दाम किंचित सैल ठेवतात. साखळी एकाच जागी राहिली तर त्याच जागी रबर कापेल. सरकत राहिली की झीज सगळीकडे वाटली जाते. शिवाय चिखल संपला की साखळी काढून ठेवायची असते. सरकण्याला विरोध करणारं आवरण हरलं आणि सरकणं मान्य करणारी साखळी सव्वाशे वर्षं टिकली. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

रिव्हेटांचा एक उपयोग मात्र खरा होता. शहरातल्या दगडी फरशीवर पाऊस आणि घोड्याची लीद मिळून जो बुळबुळीत लेप बसे, त्यावर गुळगुळीत रबर सरळ घसरायचं. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे गाडीची मागची बाजू भस्सकन आडवी व्हायची. रिव्हेट तो लेप भेदून खालच्या दगडापर्यंत पोचत, म्हणून अशा टायरांना घसरणरोधक म्हणूनही गिऱ्हाईक मिळालं. कोरड्या दगडावर हिशोब उलटतो. रबर दगडाच्या बारीक खाचाखोचांमध्ये शिरून पकड घेतं. पोलादाचं डोकं मोजक्या बिंदूंवर टेकतं आणि ठिणग्या उडवत सरकतं. म्हणजे ओल्यात जे तारत होतं तेच कोरड्यात धोक्याचं.

मग पंक्चरचा प्रश्न सुटला कसा? अनेक बाजूंनी, आणि त्यातली एकही बाजू चिलखताची नव्हती. १९०६ च्या जून महिन्यात ल मान्स इथे पहिली फ्रेंच ग्रां प्री ही मोटारींची शर्यत झाली. दोन दिवसांत १,२०० किलोमीटरहून जास्त अंतर, रणरणतं ऊन, वितळणारं डांबर. टायर सगळ्यांचेच फुटत होते. रेनो चालवणारा फेरेन्स सिस जिंकला, कारण त्याच्या मागच्या चाकांच्या रिम बोल्ट सोडून हवा भरलेल्या टायरसकट बदलता येत होत्या. इतरांना जुना टायर कापून नवा चढवायला पंधरा-पंधरा मिनिटं लागत असताना त्याचं काम चार मिनिटांच्या आत उरकत होतं. साध्या गाड्यांसाठी वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी कंपनीने १९०४ पासून जादा चाक विकायला सुरुवात केली होती. आपल्या गाडीच्या डिकीत असते ती स्टेपनी तिथलीच.

त्याच सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या कारखान्यात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ते कमालीचं चिवट होतं हे लक्षात आलं. काजळीचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या मापाचे असतात. त्यांच्या पृष्ठभागाला रबराच्या लांब साखळ्या चिकटतात आणि ताण एका जागी न साठता अनेक साखळ्यांत वाटला जातो. दहा-बारा वर्षांत टायर काळे झाले आणि त्यांचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. उभ्या-आडव्या विणीच्या जागी एकाच दिशेने जाणारे दोरे आले, त्यांनी आतली करवत थांबवली. रस्ते डांबरी झाले. आणि घोडे कमी झाले तसे त्यांचे खिळेही.

धातू टायरमधून गेला मात्र नाही. तो आत शिरला. खरं तर टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेत पोलादी तारेचं कडं घालण्याची कल्पना चार्ल्स किंग्स्टन वेल्श याने १८९० मध्येच मांडली होती आणि ती आजतागायत चालू आहे. १९३७ मध्ये मिशेलिनने ट्रकसाठी पोलादी तारांचे थर असलेला टायर काढला, आणि १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर तीन वर्षांनी बाजारात आला. त्यात रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या खाली पोलादी तारांचा पट्टा होता. आपले ड्रायव्हर टायर पार झिजला की ‘तारा दिसायला लागल्या’ म्हणतात, त्या याच तारा.

इथे पोलाद का टिकलं? तारा केसासारख्या बारीक, अनेक पिळून एक केलेल्या, म्हणून त्या न तुटता वाकतात. दगडावर आपटण्याचं काम रबराकडेच राहिलं, तारांनी फक्त ताण घेतला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सांधा. पोलाद रबराला सहजासहजी चिकटत नाही. म्हणून तारेवर पितळेचा अतिशय पातळ मुलामा देतात. टायर साच्यात भाजताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं आणि कॉपर सल्फाइडचा खडबडीत थर तयार होतो. त्या थराच्या फांद्यांत रबर गुंतून बसतं. रिव्हेटचं भोक नाही, मधे फट नाही. हा सांधा फक्त पाण्याला भितो. म्हणूनच टायरला खोल चीर गेली असेल किंवा खिळा बरेच दिवस तसाच राहिला असेल तर हवा कमी होत नसली तरी तो दाखवून घ्यावा. पाणी तारांपर्यंत गेलं की गंज धरतो आणि वरचं रबर पट्ट्यापासून सुटू लागतं.

बर्फातल्या साखळ्या सोडल्या तर बाहेरचा धातू आजही दोन ठिकाणी दिसतो. उत्तर युरोपातल्या बर्फाळ रस्त्यांवर टायरमध्ये टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या टोकाचे छोटे खिळे बसवतात. सेमेलच्या रिव्हेटांपेक्षा ते फार हलके, ग्रॅमभराचे, आणि रबरातून जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर डोकावणारे. तरीही बर्फ नसलेला रस्ता ते इतका कुरतडतात की पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांवर बंदी घातली. दुसरं ठिकाण दगडाच्या खाणी. तिथल्या दगड उचलून भरणाऱ्या अजस्र लोडरच्या चाकांवर कडक पोलादाच्या कड्यांची घट्ट जाळी चढवतात, टायर पूर्ण झाकला जाईल अशी. धारदार दगडावर दिवसभर चालूनही आतला टायर शाबूत राहतो. लोडर माणसाच्या धावण्याइतक्याच वेगाने फिरतो, तेव्हा कड्यांची ओढ नगण्य असते आणि उष्णताही फारशी साठत नाही.