आजोबांची दुनळी आणि जुलैची हवा

ग्वाल्हेरात, लश्करच्या जुन्या मराठी घरांमध्ये कपाटात एखादी लायसेन्सची बारा बोर दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) निघते, आमच्याकडेही आहे. ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर यायची. आजोबा तेलाचं फडकं फिरवायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दुसऱ्या दिवशी परत चामड्याच्या खोळीत. एका वर्षी खोळ उघडली तर नळीवर जिथं कुंकवाचं बोट टेकवलं होतं तिथंच तपकिरी डाग, शेजारी चार बोटांचे ठसे, अगदी मोजून घ्या. घरात एकच प्रश्न, अहो वर्षभर एक काडतूस उडवलं नाही मग गंजली कशी?

तर गंजायला बार उडावा लागत नाही. लोखंड, हवेतली वाफ आणि ऑक्सिजन, झालं. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो आणि गंज जोरात सुरू होतो, त्यात घामाचं मीठ असलं तर आणखी आधीच. कुंकू ओल धरून ठेवतं, चामडंही धरतं (शिवाय कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात), म्हणजे खोळ ही बंदूक ठेवायची सगळ्यात वाईट जागा, प्रवासापुरती ठीक.

म्हणून "किती दिवसांनी साफ करायची" याचं उत्तर ग्वाल्हेरात महिन्यागणिक बदलतं. मे महिन्यात 45 डिग्रीची कोरडी लू चालते तेव्हा नाही बघितली तरी काही बिघडत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी दर पंधरा दिवसांनी फडकं फिरवतो. आणि जानेवारीच्या धुक्यातून गारठलेली बंदूक घरात आणली की थंड पाण्याच्या पेल्यासारखं तिला बाहेरून पाणी सुटतं, आतूनसुद्धा, तेव्हा पुसल्याशिवाय कपाटात टाकू नका.

बार उडवला असेल तर हिशोब वेगळा. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळून निम्म्याहून जास्त घनरूपातच मागे उरते, त्यात पोटॅशियमचे क्षार, ते हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे ती त्याच संध्याकाळी धुवायची, उद्यावर टाकायची नाही. धूर न करणारी दारू 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं काढली, काजळी कमी झाली, पण जुन्या काडतुसांच्या टोपीत (मागच्या बाजूला ठिणगी पाडते ती) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊच. आता गंमत अशी की मीठ तेलात विरघळत नाही! तेल कितीही ओता, मीठ खाली तसंच. म्हणून .303 रायफलवाले शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे, मीठ वाहून जायचं आणि तापलेली नळी आपोआप सुकायची, मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी, मग तेल. हल्लीच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत हे क्लोरेट नसतं, म्हणून आज संध्याकाळी नाही झालं तर उद्या केलं तरी चालतं, फक्त पावसाळ्यात आळस नको.

उलट दुसरं टोकही आहे. .22 रायफलवाले नेमबाज नळी मुद्दाम फार घासत नाहीत, कारण मऊ शिशाचा आणि मेणाचा पातळ थर बसला की नेम स्थिर होतो, आणि घासून काढला तर पुढच्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. लोखंडी गज पुढच्या तोंडातून घालून रोज रगडलं तर तोंडाची कडच झिजते आणि तिथूनच गोळी बाहेर पडताना वाकडी होते, म्हणून जमेल तिथं मागून घाला. तेलाचंही तसंच, चोपडलं की धूळ चिकटते आणि ओघळून लाकडी दस्त्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं. दोन थेंब खूप झाले. आणि हे सगळं करण्याआधी नळ्या बिजागरीवर खाली वाकवून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत का ते डोळ्यांनी बघायचं, नंतर हात साबणानं धुवायचे, काजळीत शिसं असतं.

आमच्याकडे पूजा अजून होते. बाबा कुंकू आता दस्त्याच्या लाकडाला लावतात.