एफएमवर राजकारण का नसतं?

"कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर राजकारण चालतंय, पण एफएमवर एक शब्द नाही, म्हणजे आरजे लोक घाबरतात नाहीतर चॅनेल विकलं गेलंय", हा मेसेज लय वर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे, पण खरं कारण वेगळं आहे.

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा करायची परवानगीच नाही. 2011 च्या धोरणात थोडी सूट मिळाली, ती म्हणजे आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, त्यात एक शब्दही बदलायचा नाही. ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-लाईटची माहिती, पूर असली आपत्ती हे बातम्यांत धरत नाहीत, म्हणून पंचगंगेच्या पाण्याबद्दल आरजे बिनधास्त बोलतो पण महापालिकेच्या राजकारणावर चर्चा घेत नाही. माझ्या मते हा नियम बदलायला पाहिजे, पण तो आरजेचा दोष नाही.

अमेरिकेत राजकीय टॉक रेडिओ एवढा वाढला त्यातही नियमाचा मोठा हात आहे, वादाच्या विषयात दुसरी बाजूही मांडायचं बंधन तिथं 1987 ला काढलं.

खात्री करायचीय तर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या साइटवर एफएम फेज थ्रीचं, म्हणजे वर सांगितलेलं 2011 चंच धोरण आहे, त्यातला बातम्यांचा भाग स्वतः वाचा.