अंडरग्राउंड रेझिस्टन्स

अंडरग्राउंड रेझिस्टन्स : अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून टेक्नो संगीताच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घडवलेल्या नृत्यसंगीताच्या, तबकड्या काढणारी स्वतंत्र संस्था, म्हणजेच संगीतक्षेत्रातल्या रूढ शब्दात ‘लेबल’. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी १९८९च्या सुमारास ती सुरू केली. थोड्याच दिवसांत रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाले. चाहते तिला ‘यूआर’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. ती लेबल आहे, वादकांचा संच आहे आणि विचारांनी बांधलेला गटही आहे, आणि ही तीन रूपे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. संगीत ज्याने केले त्याच्याच हाती ते राहिले पाहिजे, या एका हट्टावर हे लेबल उभे आहे.

हा हट्ट डेट्रॉइटमध्येच का धरला गेला, ते शहराच्या इतिहासावरून कळते. मोटारींच्या कारखान्यांनी वाढवलेल्या या शहराची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती सात लाखांवर आली. १९६७ च्या उन्हाळ्यातल्या वांशिक उद्रेकात ४३ माणसे दगावली. कारखाने हलले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली. १९५९ मध्ये इथेच स्थापन झालेली मोटाउन, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताची सर्वांत यशस्वी कंपनी, तीही १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेली. वादक मात्र इथेच राहिले. पुढच्या पिढीतल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी जपानी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन घरच्या घरी नवे संगीत घडवले आणि ते काढायला स्वतःची लेबलेही उघडली. ॲटकिन्स यांचे मेट्रोप्लेक्स १९८५ मधले, मे यांचे ट्रान्समॅट १९८६ मधले. १९८८ मध्ये लंडनच्या व्हर्जिन कंपनीच्या एका शाखेने या मंडळींचा संग्रह काढला आणि ‘टेक्नो’ हे नाव जगभर गेले. संगीत डेट्रॉइटचे, पण बाजारपेठ आणि मोठा पैसा युरोपात, हे चित्र तेव्हापासून दिसू लागले. यूआर या चित्राला दिलेले उत्तर आहे.

संस्थापकांपैकी मिल्स हे डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द विझर्ड’ या नावाने गाजलेले डीजे होते. दोन तबकड्यांवर त्यांचा हात ज्या वेगाने फिरे, त्याची आठवण शहरात आजही काढली जाते. बँक्स हे स्टुडिओत वाजवणारे वादक. बेस आणि की-बोर्डवर त्यांची पकड होती, आणि यूआरच्या संगीतात पुढे जे गाते अंग आले ते बहुतांशी त्यांचे. लेबलाची पहिली तबकडी १९९० मध्ये निघाली. ‘युअर टाइम इज अप’ हे त्यातले गाणे योलांडा रेनल्ड्स यांनी गायलेले, हाउस या नृत्यसंगीताच्या वळणाचे आहे. पुढे काय येणार याचा त्यातून फारसा अंदाज येत नाही. ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाच्या ठाम भूमिकेचा आणि लष्करी शिस्तीच्या प्रतिमेचा या तिघांवर मोठा प्रभाव होता. काळे कपडे, झाकलेले चेहरे, नावाऐवजी तबकडीचा क्रमांक हे सारे त्यातून आले. बँक्स आजही उघड्या चेहऱ्याने छायाचित्र काढू देत नाहीत. चेहरा विकायचा नाही, ऐकणाऱ्याने आवाजाकडे लक्ष द्यावे, असा त्यामागचा विचार. लेबलाच्या जाहीरनाम्यात हेच मोठ्या भाषेत आहे : लोकांच्या कानांवर आणि डोळ्यांवर चालवला जाणारा सुमार कार्यक्रमांचा मारा ध्वनीच्या बळावर मोडून काढायचा, आणि हे संगीत कोणत्याही एका वंशाची मिरास नाही.

१९९० ते १९९२ या काळात तबकड्यांचा धडाकाच लागला. ‘सॉनिक’, ‘वेव्हफॉर्म’, ‘रायट’, ‘पनिशर’, ‘ॲसिड रेन’ ही नावे वाचूनही त्या संगीताचा स्वभाव कळतो. रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक प्रत्येक मात्रेवर पडते, वर कर्कशतेच्या काठावरचे सिंथेसायझर, आणि मधली जागा मुद्दाम मोकळी. १९९१ ची ‘द फायनल फ्रंटिअर’ ही रचना मात्र सगळ्यांत वेगळी आहे. तिच्यात टीबी-३०३ या यंत्राची वळवळणारी स्वरओळ आणि तिच्यावर तरंगणारी हळवी सुरावट एकत्र नांदतात. यूआर पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (याच टीबी-३०३ वर १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून ठेवले होते. डेट्रॉइटला त्याची वार्ताही नव्हती. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.)

तबकडी कशी घडे

यूआरचे स्वातंत्र्य नेमके कशात होते, हे समजून घ्यायचे तर तबकडीच हातात घ्यावी लागते. संगीत तयार झाले की ते आधी एका मऊ, लाखेसारखा लेप दिलेल्या चकतीवर सुईने कोरावे लागते; तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांतून व्हिनाइलच्या तबकड्या दाबून निघतात. डेट्रॉइटमध्ये कोरण्याचे काम रॉन मर्फी करत. त्यांच्या ‘नॅशनल साउंड कॉर्पोरेशन’ची एनएससी ही खूण त्या काळातल्या असंख्य टेक्नो तबकड्यांवर आढळते. दाबण्याचे काम ‘आर्चर रेकॉर्ड प्रेसिंग’ या १९६५ पासून चालत आलेल्या घरगुती कारखान्यात होई. म्हणजे घरातल्या खोलीत केलेले संगीत गावातल्याच यंत्रावर कोरले जाई, गावातच छापले जाई आणि गावातूनच खोक्यांत भरून जगभर रवाना होई. मध्ये कोणत्याही मोठ्या कंपनीचा हात लागत नसे.

मर्फी हे नुसते कारागीर नव्हते. १९९२ मध्ये ‘एक्स-१०२’ या नावाने शनीच्या कड्यांवरची तबकडी काढायची ठरली, तेव्हा तबकडीवरच्या खाचांचे पट्टे शनीच्या कड्यांच्या मांडणीशी जुळतील अशी आखणी मिल्स आणि मर्फी यांनी मिळून केली. दिव्याखाली ती तिरकी धरली की काळ्या चकतीवर रुंद-अरुंद कडी चमकतात. ऐकण्याआधीच तबकडी विषय सांगून टाकते. बंद खाचेचा प्रयोगही याच जोडीने रंगवला. नेहमीची खाच बाहेरून आत गुंडाळत जाते. बंद खाच म्हणजे स्वतःलाच येऊन मिळणारे वर्तुळ. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या या वेगाने तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत पुरी होते. तेवढ्यात चार ठोके बसवले की मिनिटाला १३३ ठोक्यांची लय मिळते, आणि ती तर टेक्नोची नेहमीचीच चाल. सुई त्या वर्तुळात शिरली की चार मात्रांचे ते आवर्तन कोणी हाताने सुई उचलेपर्यंत चालूच राहते, दर वेळी समेवर अचूक. मिल्स यांच्या १९९४ च्या ‘सायकल ३०’ या तबकडीत अशा बंद खाचांची मालिकाच आहे.

शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती लेबलाची खासगी पाटी होती. तिच्यावर हाताने कोरलेली छोटी वाक्ये असत आणि तबकडी विकत घेऊन उजेडात फिरवणाऱ्यालाच ती वाचता येत. मर्फी २००८ मध्ये वारले. त्यांच्या हातच्या तबकड्या संग्राहक आज एनएससी या खुणेवरून शोधतात.

बर्लिन

बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व भागात रिकाम्या इमारती पडून होत्या. लाइपत्सिगर रस्त्यावरच्या वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत मार्च १९९१ मध्ये ‘ट्रेझोर’ हा क्लब सुरू झाला. ट्रेझोर या जर्मन शब्दाचा अर्थच तिजोरी. या क्लबच्या लेबलाने काढलेला पहिला संग्रह यूआरच्या तिघांचा, ‘एक्स-१०१’ या नावाचा होता. मोडकळीला आलेले कारखाने आणि त्यांच्या सावलीत वाढलेली तरुण पिढी हे दोन्ही शहरांनी पाहिलेले होते, म्हणून हे नाते पटकन जुळले आणि टिकले.

फाटाफूट आणि जॅझ

१९९२ मध्ये मिल्स न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी ‘ॲक्सिस’ हे स्वतःचे लेबल काढले. हूड यांनीही वेगळी वाट धरून ‘एम-प्लांट’ उभारले. दोघांनी पुढे टेक्नो अधिकाधिक उघडे, हाडांपर्यंत सोललेले केले. यूआरची धुरा बँक्स यांच्याकडे आली आणि लेबलाचा आवाज नेमका उलट दिशेने, भरघोस सुरावटीकडे वळला. ‘नेशन टू नेशन’ (१९९१), ‘वर्ल्ड टू वर्ल्ड’ (१९९२) आणि ‘गॅलेक्सी टू गॅलेक्सी’ (१९९३) या तीन तबकड्या एका साखळीच्या आहेत : राष्ट्राकडून जगाकडे, जगाकडून आकाशगंगेकडे. दुसऱ्या तबकडीतले ‘ज्युपिटर जॅझ’ आणि तिसऱ्या तबकडीतले ‘हायटेक जॅझ’ या रचनांत चर्चमधले की-बोर्ड, फंकचा बेस आणि यंत्राचा ठेका एका दमात वाजतात. टेक्नोला भावना नसतात, असे म्हणणाऱ्याला ही दोन गाणी ऐकवावीत.

ड्रेक्सिया

यूआरच्या छत्राखाली आलेल्या कलाकारांत जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांची ‘ड्रेक्सिया’ ही जोडी सर्वांत विलक्षण. या दोघांनीही बराच काळ आपली नावे बाहेर येऊ दिली नव्हती. १९९३ च्या ‘बबल मेट्रोपोलिस’ या तबकडीच्या एका बाजूला ‘गोडे पाणी’ तर दुसऱ्या बाजूला ‘खारे पाणी’ अशा अर्थाची नावे आहेत. बुडबुडे फुटावेत तसे सिंथेसायझरचे आवाज, तुटक इलेक्ट्रो ठेका, आणि मधूनच बंदराच्या नियंत्रण कक्षातून यावी तशी घोषणा. हे पाणी कुठले, याचा खुलासा १९९७ च्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहाच्या मजकुरात आला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या गर्भवती स्त्रियांना जहाजांवरून समुद्रात फेकले जाई; गर्भ तर आईच्या पोटात पाण्यातच जगतो; मग त्या बाळांनी पाण्याखालीच श्वास घ्यायला शिकून तिथे एक राष्ट्र उभारले असेल तर? त्या राष्ट्राचे नाव ड्रेक्सिया.

यातला फेकण्याचा भाग कल्पना नाही. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजावरून १३० हून अधिक माणसे समुद्रात लोटली गेली आणि नंतर जहाजाच्या मालकांनी त्यांच्यापोटी विम्याची भरपाई मागितली. ज्यांचा हिशेब माल म्हणून झाला त्यांना ड्रेक्सियाने वंशज दिले, शहरे दिली, विज्ञान दिले. गायक नाही, गाण्याचे शब्द जवळजवळ नाहीत, तरीही ही सगळी कथा तबकड्यांची नावे, चित्रे आणि चार ओळींचा मजकूर यांच्या आधारे उभी राहिली. स्टिन्सन सप्टेंबर २००२ मध्ये वारले. चित्रकार, कादंबरीकार आणि अभ्यासक आजही ही कथा पुढे नेत आहेत.

‘जॅग्वार’चा वाद

१९९९ मध्ये यूआरने आपली एकोणपन्नासावी क्रमांकित तबकडी काढली : ‘नाइट्स ऑफ द जॅग्वार’. कलाकाराचे नाव छापले होते ‘द ॲझ्टेक मिस्टिक’. हे डीजे रोलांडो, डेट्रॉइटच्या मेक्सिकन वस्तीतून आलेले. तिच्यातली ‘जॅग्वार’ ही रचना हातवाद्यांच्या खेळकर ठेक्यावर सुरू होते, मग टिचक्यांसारखे स्वर येतात आणि व्हायोलिनसमूहाची चढती ओळ सगळ्यांना उचलून घेते. जगभरच्या क्लबांत ती वाजू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोनी म्युझिकच्या जर्मन शाखेने यूआरच्या संमतीवाचून त्या रचनेची स्वर न् स्वर जुळणारी आवृत्ती नव्याने वाजवून घेतली.

यातली मेख हक्कांच्या कायद्यात आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा आणि रचनेचा निराळा. मूळ ध्वनिफीत कोणी उचलली तर ती सरळ चोरी. पण तीच रचना पुन्हा वाजवून घेतली आणि ठरलेले मानधन भरले, तर मूळ कलाकाराचा नकार बऱ्याचदा निष्प्रभ ठरतो. कायद्याची ही फट यूआरच्या मर्मावरच बोट ठेवणारी होती. चाहत्यांनी ई-मेलचा भडिमार केला, डीजे आणि लेबले पाठीशी उभी राहिली, आणि सोनीने ती आवृत्ती मागे घेतली. नंतर बीएमजी या दुसऱ्या मोठ्या कंपनीने ती बाजारात आणली. यूआरने उत्तर तबकडीनेच दिले : ‘रिव्हेंज ऑफ द जॅग्वार’. तिच्यात जेफ मिल्स आणि डेरिक मे यांनी त्याच रचनेला आपापल्या हाताने नवे रूप दिले. सोडून गेलेला जुना सोबती आणि टेक्नोच्या पहिल्या पिढीतला माणूस असे दोघे त्या तबकडीवर एकत्र आले, हे विशेष.

वितरण आणि वर्तमान

तबकड्या काढणे निम्मे काम. त्या दुकानांत पोहोचवणे आणि पैसे परत आणणे हे उरलेले. यासाठी बँक्स आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सबमर्ज’ ही वितरणसंस्था उभारली आणि शहरातल्या इतर छोट्या लेबलांनाही तिचा दरवाजा उघडा ठेवला. ३००० ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावरच्या तिच्या इमारतीत तबकड्यांचे दुकान आहे आणि ‘एक्झिबिट ३०००’ हे टेक्नोचे छोटे संग्रहालयही. २००२ ची ‘ट्रान्झिशन’ ही रचना इथल्याच मंडळींची. तिच्यावर बोलणारा आवाज ऐकणाऱ्याला स्वतःच्या आयुष्याचा हिशेब विचारतो आणि जागचे हलायला सांगतो. त्यानंतर ‘टाइमलाइन’सारख्या नावांखाली सॅक्सोफोन आणि की-बोर्ड घेऊन रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवणारे संचही या घरातून बाहेर पडले.

डेट्रॉइटच्या पहिल्या टेक्नो पिढीने ज्यांचे संगीत रेडिओवर ऐकून धडे घेतले त्यांत ‘क्राफ्टवेर्क’ हा जर्मन गट अग्रणी होता. या गटाच्या ‘एक्स्पो २०००’ या गाण्याचे रूपांतर यूआरने केले. ते क्राफ्टवेर्कला इतके भावले की पुढे ‘प्लॅनेट ऑफ व्हिजन्स’ या नावाने त्यांनी स्वतःच्या मैफलींत तेच रूप वाजवायला घेतले, आणि त्याच्या शब्दांत जर्मनीच्या बरोबरीने डेट्रॉइटचे नाव गुंफले.