हायड्रॅनएन्सेफॅली : साधनं कमी असताना निदान

मोठ्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध जवळपास नसतात आणि त्या जागी पातळ पडद्याच्या आत नुसतं पाणी असतं, असा हा जन्मजात दोष. साधारण १०,००० जन्मांत एक किंवा त्याहूनही कमी. पहिलं वर्णन सहसा फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ क्रूव्हेल्ये यांचं, १८३५ च्या सुमाराचं मानतात.

कारणाबद्दल एकमत नाही. जास्त मान्य मत असं की गर्भात दोन्ही बाजूंच्या अंतर्गत कॅरोटिड धमन्यांचा (मानेतून मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या) रक्तपुरवठा तुटतो आणि आधी नीट तयार झालेला मेंदू नंतर विरून जातो. मागच्या धमन्यांवर जगणारे भाग, म्हणजे मेंदूस्तंभ, लहान मेंदू, बऱ्याचदा थॅलॅमस (मेंदूच्या मध्यात खोलवर असलेले दोन भाग), वाचलेले दिसतात ते यामुळेच, आणि माकडांच्या गर्भात मानेतल्या रक्तवाहिन्या बांधून केलेल्या प्रयोगांतही असंच नुकसान दिसलं. पण शवविच्छेदनात कधी कधी कॅरोटिड मोकळ्या सापडतात, त्यामुळे टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी), सायटोमेगॅलोव्हायरस (एक विषाणू) यांच्यासारखे संसर्ग आणि क्वचित आनुवंशिक कारणंही धरावी लागतात. रक्तपुरवठ्याचं मत पटतं, तरी सगळ्या केसेसना तेच एक कारण लावणं घाईचं वाटतं.

मेंदूस्तंभ शाबूत असल्यामुळे बाळ दूध ओढतं, रडतं, डोकंही नॉर्मल दिसू शकतं, म्हणून जन्मानंतर लगेच कुणाच्या लक्षात येत नाही. काही आठवड्यांनी चिडचिड, हातपाय कडक होणं, झटके, डोक्याचा घेर भराभर वाढणं सुरू होतं. घेर टेपने दर भेटीत मोजून तक्त्यावर मांडला तरी बरंच आधी कळतं. अंधाऱ्या खोलीत डोक्याला टॉर्च टेकवली की सगळं डोकं उजळतं, पण तीव्र हायड्रोसेफॅलसमध्येही (मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत पाणी साचून त्या फुगतात तो आजार) उजळतं, म्हणून तेवढ्यावर निदान करू नये.

सीटी-एमआरआय नसेल तर टाळूतून केलेली सोनोग्राफी सगळ्यात उपयोगी, अर्थात टाळू भरून यायच्या आत. गोलार्धांमधला फाल्क्स पडदा दिसतो का हे बघायचं: इथे तो बहुतेक असतो, अलोबर होलोप्रोसेन्सेफॅलीत (मेंदू दोन गोलार्धांत विभागलाच जात नाही तो दोष) नसतो आणि तिथे थॅलॅमस जोडलेले असतात. कडेला मेंदूचा अगदी पातळ थर सगळीकडे दिसला तर तो तीव्र हायड्रोसेफॅलस, आणि हा फरक फार महत्त्वाचा, कारण त्या बाळाचा मेंदू शंटनंतर (साचलेलं पाणी बाहेर वळवणारी नळी बसवल्यावर) सुधारू शकतो. सोनोग्राफीत हा थर सुटू शकतो, ईईजीची (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) सोय असेल तर मदत होते, कारण हायड्रॅनएन्सेफॅलीत रेषा जवळपास सपाट येते. तरीही शंका राहिली तर हायड्रोसेफॅलस धरूनच बाळाला न्यूरोसर्जनकडे पाठवावं.