एडो किरिको, सात्सुमा किरिको आणि 'पारंपरिक'च्या शिक्क्याचा घोळ

किरिको म्हणजे कापून नक्षी काढलेली जपानी काच. त्यातल्या एडो किरिकोची गोष्ट सगळे १८३४ पासून सांगतात. एडोतल्या म्हणजे आताच्या टोक्योतल्या एका काचव्यापाऱ्याने युरोपातून आलेली भांडी बघून कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली. ती काच बिनरंगी होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगाची खरी कमाल दक्षिणेत सात्सुमात झाली, आजच्या कागोशिमात. तिथे १८४६ ला औषधाच्या बाटल्या बनवायला एडोहून कारागीर आणला होता, आणि १८५१ ला जो नवा सरदार गादीवर आला त्याने काचेवर अक्षरशः पैसा ओतला, प्रयोग करून करून तांब्यापासून लाल काच साधली. पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा जाड थर द्यायचा आणि तिरका कापत जायचं, म्हणजे एकाच खाचेत गडद लाल हळूहळू फिका होत विरून जातो, याला बोकाशी म्हणतात. आजच्या एडो किरिकोच्या भांड्यांवरचा रंगीत थर पातळ असतो त्यामुळे तिथे कड लख्ख दिसते. दोन्ही सुंदर, पण बोकाशीची सर कशालाच नाही.

१८५८ ला सरदार गेला, खर्चाला कात्री लागली, १८६३ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या त्यात कारखाना गेला आणि सात्सुमातल्या १८७७ च्या बंडाच्या आसपास ही कलाच संपली.

टोक्योत मात्र १८७६ ला सरकारने शिनागावाचा काच कारखाना ताब्यात घेतला, १८८१ ला इंग्लंडचा एक उस्ताद आणून फिरत्या चाकावर काच कापायला शिकवलं. आजचं काम त्याच वळणाचं आहे.

आता वादाचा मुद्दा. १९७४ च्या कायद्याने पारंपरिक हस्तकलेचा राष्ट्रीय दर्जा मिळायला साधारण १०० वर्षांची परंपरा लागते. २००२ ला एडो किरिकोला तो मिळाला. सात्सुमा किरिको १९८५ ला जुन्या भांड्यांवरून, फोटोंवरून, मापं घेऊन परत उभी केली, पण मधे शंभरेक वर्षांचा खंड, म्हणून राष्ट्रीय दर्जा नाही, फक्त प्रांताची मान्यता. नियम वाईट नाही, चालू कारखाने जगावेत म्हणूनच तो आहे. पण सलगता नक्की कशाची मोजली? एडो किरिको म्हणवायचं तर काम हाताने आणि मुख्यतः फिरत्या हत्यारांनी केलेलं हवं, तेही टोक्योतल्या कोतो वॉर्डाच्या आसपासच्या ठरलेल्या भागात, अशी तिथल्या कारागिरांच्या संघटनेची अट आहे. १८३४ चं काम सळईसारख्या हत्याराने आणि कुरुंदाच्या पुडीने घासून केलेलं मानतात, म्हणजे या अटीत पहिलं भांडंच बसत नाही! आणि आज दुकानात एडो किरिको म्हणून जो निळा-लाल ग्लास घेतात तो रंगही त्या पहिल्या कामात नव्हता. इतकं सगळं बदलून एक परंपरा सलग ठरते, आणि जिने जुन्या भांड्यांवरून रंग, थराची जाडी, कापाचा कोन सगळं नेटाने परत मिळवलं ती खंडित, हे मला तरी पटत नाही.

नक्षीत दोघांचं बरंच सारखं आहे, माशाच्या अंड्यांसारखे बारीक चौकोन, टोपलीची वीण, भांगेचं पान, शेवंती. कागोशिमावाले आता एकावर एक दोन रंगांचे थर देऊन बोकाशी करतात, जुन्या काळात नसलेला प्रकार, आणि त्यावरही सात्सुमा किरिको असंच लिहितात.