मोटारसायकलचे ऑइल (कोकण किनारपट्टी)

इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारा भाग) यांत घालायचे वंगण. आजच्या बहुतेक चार-स्ट्रोक गाड्यांत तिन्हींचे काम एकच ऑइल करते आणि क्लचप्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. निवडीचा सगळा पेच इथे आहे. कारच्या ‘इंधन बचत’वाल्या पातळ ऑइलात घर्षण घटवणारी रसायने असतात, ती क्लचप्लेटांना लागली की आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए२ असा शिक्का पाहूनच घ्यावे. एमबी शिक्क्याचे ऑइल स्कूटरचे, कारण तिचा क्लच कोरडा असतो. मात्र क्लच घसरतोय म्हणून ऑइलला दोष देण्याआधी लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी ढिलाई आहे ना, हे तपासावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

डब्यावर लिहिलेल्या १०डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. रत्नागिरी-मालवणकडे हिवाळ्यातही पारा फारसा उतरत नाही, त्यामुळे पहिल्या आकड्यावर जादा पैसे घालवण्यात हशील नाही. दुसरा आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा. ‘आपल्याकडे उकाडा, जाड घाला’ हा सल्ला सर्रास मिळतो. पण १०डब्ल्यू-३० साठी बनलेल्या स्प्लेंडरसारख्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातले तर ते वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोचते आणि अ‍ॅव्हरेजही पडते.

किनाऱ्यावर ऑइलचा खरा वैरी उष्णता नसून पाणी आहे. घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, दमट हवेतले बाष्प आतच साचते. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर वीस-तीस मिनिटांच्या सलग फेरीत ती बहुधा उडून जाते. डिपस्टिकवरच (ऑइलची पातळी पाहायच्या काडीवर) दुधाच्या चहाचा रंग आला असेल, तर मात्र पाणी बाहेरून शिरलेले आहे. गरम इंजिन पाण्यात एकदम निवले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या वेळी गाडी पूर्ण बुडाली असेल तर सेल्फ मारू नये. स्पार्क प्लग काढून हळूहळू किका मारत सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, एअर फिल्टर बदलावा, ऑइल पूर्ण काढावे. मग स्वस्त, पण त्याच ग्रेडचे ऑइल भरून दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून पुन्हा काढावे. रंग स्वच्छ येईपर्यंत हेच. खाडीचे खारे पाणी शिरले असेल तर त्याच दिवशी, नाहीतर बेअरिंगे गंजतात.

चाकरमान्यांच्या गावच्या गाड्या गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्याच फिरतात. त्यांचे ऑइल किलोमीटरवर मोजू नये, वर्षातून एकदा पावसाळा सरल्यावर बदलावेच. ऑइल गरम असताना काढावे, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा. बोल्ट फार आवळला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. होंडा-हिरोच्या गाड्यांत मेनस्टँडवर डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहतात. जास्त भरलेले ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जाते.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचा हिशेब वेगळा : इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स, तीन जागा, तीन भरणी. इंजिनात २०डब्ल्यू-५०. प्रायमरीत क्लच असल्याने गिअर ऑइल मुळीच नको. पातळीच्या स्क्रूतून ठिबकेपर्यंत पातळ इंजिन ऑइल भरावे. चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समधून पातळ ऑइल झिरपते, म्हणून त्यात अर्धप्रवाही ग्रीस घालायची रीत आहे. गिअर ऑइल घालायचेच तर जीएल-४ दर्जाचे घ्यावे, जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने पितळी बुशांना खाऊ शकतात. ८०डब्ल्यू-९० हे नाव ऐकून बिचकायचे कारण नाही. गिअर ऑइलचे मोजमाप निराळे, प्रत्यक्षात त्याची जाडी ४०-५० च्या इंजिन ऑइलइतकीच. ही बुलेट महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइलच्या टाकीतले ऑइल पंपातून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या पेटीत) उतरते. डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून वरून ओतू नये, आधी तळाचा बोल्ट काढून पाहावे.

काढलेले काळे ऑइल परसात ओतण्याची खोड वाईट. जांभा सच्छिद्र असतो, ते थेट विहिरीची वाट धरते.